धूर दाखवणारं कार्ड

"हे सगळं फार सुंदर आहे," शशीआत्या म्हणाली. "आता धूर दाखवा."

दारव्हेकरांचा माउसवरचा हात थांबला. पडद्यावर त्यांनी खास राखून ठेवलेलं दृश्य होतं. समुद्रकाठचं कुठलंसं परदेशी शहर, मावळतीचं ऊन, काचेच्या इमारती आणि त्यांच्यावरून वळण घेणारं पांढरं विमान. सीताबर्डीतल्या त्यांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक इथे "वा!" म्हणत असणार.

"कसला धूर, मॅडम?"

"वीटभट्टीचा."

दारव्हेकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या तक्त्याकडे पाहिलं.

तो तक्ता मी दोन आठवडे खपून केला होता. मी तेव्हा नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले होते, नोकरी लागायची होती, आणि आत्याच्या कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर चालावा म्हणून ग्राफिक्स कार्ड निवडायचं काम घरच्यांनी मोठ्या विश्वासानं माझ्याकडे दिलं होतं. सात कार्डं घेतली होती. कोणतं सेकंदाला किती चित्रं काढतं, किती वीज खातं, किती तापतं, सगळं लिहिलं होतं. चाचण्यांचे आकडे भर दुपारच्या निरभ्र आकाशाचे होते, म्हणजे तुलना सारखी होते. पहिल्या क्रमांकाच्या कार्डाला मी हिरवा रंग दिला होता. तक्त्यात धुराचा रकाना नव्हता.

"आत्या, धूर सगळ्या कार्डांवर सारखाच दिसेल," मी म्हणाले. "फरक फक्त वेगाचा असतो."

"तू पाहिलायस?"

"नाही, पण..."

"मग?"

छत्तीस वर्षं ती हवामान निरीक्षक होती. वारा, तापमान, ढग, किती दूरचं दिसतंय, हे ठरल्या वेळी पाहायचं आणि नोंदवहीत लिहायचं. तिच्यापुढे 'असेल' आणि 'असावं' चालत नसे. लहानपणी मी "बाहेर पाऊस असेल" म्हटलं की ती मला हाताला धरून अंगणात नेऊन उभी करायची.

आत्यानं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. जुन्या नोंदवहीच्या एका पानाची झेरॉक्स होती. तिनं ती दारव्हेकरांच्या कीबोर्डवर पसरली.

"खैरवाड्याची धावपट्टी. सतरा डिसेंबर अठ्ठ्याऐंशी, सकाळी साडेसात. वारा शांत. ढग नाहीत. दृश्यता तीन हजार मीटर. मला ही सकाळ पाहायची आहे. वरून."

"काहून, मॅडम? काय झालं होतं त्या दिवशी?" दारव्हेकरांनी खुर्ची जवळ ओढली. गिऱ्हाइकापेक्षा गोष्ट मोठी आहे हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"तिथे विमान शिकवायचे. एक शिकणारा मुलगा एकटाच उडाला होता. परत आला तर त्याला धावपट्टीच दिसेना. दोनदा खाली आला, दोनदा वर गेला, आणि तिसऱ्यांदा शेजारच्या तुरीत उतरला. विमानाचं पुढचं चाक मोडलं. मी खाली उभी होते. मला तीन किलोमीटरवरची, कापसाच्या जिनिंगची चिमणी स्वच्छ दिसत होती. तसंच मी लिहिलं होतं. आता त्याचं खरं की माझं खरं, ते मला पाहायचं आहे."

"वाचला ना पोरगा?"

"वाचला."

"मग चहा सांगतो," दारव्हेकर म्हणाले आणि उठले.

मी सिम्युलेटरमध्ये खैरवाडा शोधला. धावपट्टी होती. आता वापरात नसलेली, पण उपग्रहाच्या छायाचित्रात काळ्या रेघेसारखी उमटलेली. तारीख, वेळ, वारा, सगळं कागदाबरहुकूम भरलं. आत्यानं सांगितलं की भट्ट्या धावपट्टीच्या पश्चिमेला होत्या आणि थंडीच्या दिवसांत त्यांचा धूर वर जात नसे. शंभरेक मीटर चढायचा आणि आडवा पसरायचा. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची उबदार असते, धूर त्या उबदार थराखाली अडकतो. मी शंभर मीटरवर वीस मीटर जाडीचा विरळ थर टाकला.

माझ्या हिरव्या कार्डानं तो काढला. आत्या चष्मा सावरून पुढे झाली.

"हे काय आहे?"

"धूर."

"हा धूर नाही, बाई. चहाचा कप तोंडाशी नेला की माझ्या चष्म्यावर येतं ते आहे. वर बघितलं तरी तेवढंच, खाली बघितलं तरी तेवढंच."

तिचं बरोबर होतं. त्या कार्डाला झेपेल अशा सेटिंगवर सिम्युलेटर धुराचा थर काढतच नव्हता. जितकं लांब तितका राखाडी रंग फासत होता. मी सेटिंग सगळ्यात वर नेलं. थर आला, पण चित्रं सेकंदाला अकरावर घसरली आणि विमान खड्ड्यातून जाणाऱ्या ऑटोसारखं धक्के खात पुढे सरकू लागलं.

"दुसरं लावा," आत्या दारव्हेकरांना म्हणाली.

"मॅडम, दुसरं दीडपट महाग आहे. आणि यंदा कार्डांचा तुटवडा आहे, भाव उतरणार नाही. शिवाय ताईंच्या तक्त्यात ते..." त्यांनी वाकून पाहिलं. "सहावं आहे."

"तक्ता स्वच्छ आकाशाचा आहे. स्वच्छ आकाशात मला काय पाहायचंय? ते मी घरून बघते."

दारव्हेकर हसत हसत स्क्रू काढू लागले. "एवढी वर्षं दुकान चालवतोय. गिऱ्हाईक येतं, चकाचक दिसलं पाहिजे म्हणतं. धुरासाठी कार्ड घेणारं आज पहिल्यांदा बघतोय बाप्पा."

दुसऱ्या कार्डानं थर काढला. खरा थर. जमिनीवरून पाहिलं तर आकाश निळंच होतं, फक्त जरासं दुधाळ. आत्यानं जिनिंगची चिमणी कुठे होती ती जागा पडद्यावर बोटानं दाखवली, तिथपर्यंतची झाडं दिसतायत का ते मोजल्यासारखं पाहिलं आणि मान हलवली.

"हेच द्या."

बाहेर आम्ही ऑटोसाठी उभ्या होतो. खोकं माझ्या हातात होतं. समोरून 'मोहोड मोटार ड्रायव्हिंग स्कूल'ची पिवळी गाडी इंचाइंचानं येत होती. स्टीअरिंगवर घामाघूम झालेल्या एक काकू, शेजारी कानटोपी घातलेला शांत चेहऱ्याचा माणूस. आत्यानं चटकन पाठ फिरवली आणि समोरच्या दुकानातले प्रेशर कुकर पाहू लागली. गाडी चौक ओलांडून गेल्यावरच ती वळली.

"ओळखीचे आहेत?"

"ऑटो आला बघ," ती म्हणाली.

घरी आल्यावर कळलं की सात कार्डांची आठ मोजमापं घेणाऱ्या मी आत्याच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटची लांबी मोजलीच नव्हती. कार्ड आठ मिलिमीटर मोठं निघालं. आत्या दारात उभी राहून माझी फजिती पाहत होती.

"तू पाहिलं होतंस?"

"नव्हतं पाहिलं," मी कबूल केलं.

हार्ड डिस्कचा पिंजरा काढून दुसरीकडे बांधला तेव्हा कार्ड बसलं.

विमान चालवायचं माझ्याकडे होतं. आत्यानं जॉयस्टिक आणली होती, पण तिचा हात थरथरायचा. मी चार दिवस सराव केला. पहिल्या दिवशी दोनदा तुरीत, एकदा वीटभट्टीत आणि एकदा थेट हवामान कचेरीच्या छपरावर उतरले. "ती माझी खुर्ची होती," आत्या म्हणाली.

पाचव्या दिवशी जमलं. पडद्यावर सकाळचे साडेसात, सतरा डिसेंबर. मी विमान धावपट्टीच्या डोक्यावर आणलं, तीनशे मीटर उंचीवर.

"खाली बघ," आत्या म्हणाली.

खाली धावपट्टी लख्ख दिसत होती. मधली पांढरी रेघसुद्धा. मला वाईट वाटलं. त्या मुलाला न दिसण्यासारखं काही नव्हतं. "आत्या, तुझंच खरं आहे," मी म्हणाले.

"अजून उतरली नाहीस."

मी पश्चिमेला लांब गेले, वळले आणि पूर्वेकडे तोंड करून खाली येऊ लागले. सूर्य समोर, किंचित उजवीकडे. कॅबिनेटमधला पंखा एकदम जोरात फिरू लागला. कार्डाला खरं काम आता लागलं होतं. समोरचा दुधाळपणा दाट झाला, मग त्यात ऊन भरलं, आणि धावपट्टी गेली. पुसट वगैरे झाली नाही. गेलीच. पडद्यावर सोनेरी भिंत उभी होती आणि मी तिच्याकडे निघाले होते. मी घाबरून नाक वर घेतलं. वर आले, खाली पाहिलं. धावपट्टी तिथेच होती, पांढऱ्या रेघेसकट.

मी सिम्युलेटर थांबवला आणि कागद ओढला. सरळ खाली पाहिलं तर नजर वीस मीटर धुरातून जाते. उतरताना विमान तीन अंशांनी येतं, तेव्हा नजर त्याच थरातून तिरकी जाते. वीस भागिले तीन अंशांची साइन. तीनशे ऐंशी मीटर. एकोणीसपट धूर, आणि त्यात समोरून सूर्य. मला आनंद झाला. इतका स्वच्छ, सुटसुटीत खुलासा होता.

"दोघांचंही खरं!" मी म्हणाले. "तू खालून आडवं पाहत होतीस, थराच्या खालून. तुझी नोंद अगदी अचूक आहे, आत्या. आता कुणी तुझ्यावर..."

मी वळून पाहिलं. आत्या रडत होती. डोळे न पुसता, पडद्याकडे बघत.

"वरून दिसते," ती म्हणाली, "खाली यायला लागलो की नाहीशी होते."

"हो, तेच तर..."

"तो असंच म्हणाला होता. चौकशीत. याच शब्दांत. खोलीत सगळे हसले. लांबून दिसते आणि जवळ गेल्यावर दिसत नाही, असं कधी असतं का? मग साहेबांनी मला विचारलं. गावंडे बाई, तुम्ही निरीक्षक आहात. असं होऊ शकतं का?"

"तू काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले."

पंखा हळूहळू शांत होत होता.

"माझ्यावर ठपका आलाच नव्हता, प्रांजू. तो त्याच्यावर आला. घाबरला, आणि घाबरला ते झाकायला खोटं बोलला, असं लिहिलं. त्याला काढून टाकलं. वीस वर्षांचा होता. बापानं शेत विकून शिकायला पाठवला होता."

"पण तुला माहीत नव्हतं. तू कधी विमानात बसलीच नव्हतीस."

"तेच. मी पाहिलं नव्हतं. मला विचारलं तेव्हा 'मी पाहिलेलं नाही' एवढंच म्हणायचं होतं. मी 'नाही' म्हणाले." तिनं झेरॉक्स पुढे ओढली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. वर 'शेरा' असं छापलं होतं. खाली कोरं. "इथे धुराचा थर लिहिता आला असता. भट्ट्या मला दिसत होत्या. पण वर निळं आकाश होतं, म्हणून मी लिहिलं नाही."

मी विचारलं, "त्याचं नाव काय होतं?"

"रमण मोहोड," ती म्हणाली, आणि मला पिवळी गाडी आठवली.

फोन मीच लावला. आत्या तीनदा पाणी प्यायली होती.

"गाडी शिकायची आहे का?" पलीकडून आवाज आला.

"हो. म्हणजे... आत्याला. पण पहिला धडा घरी हवा आहे."

"घरी गाडी कशी शिकवू, ताई?"

"तुम्ही या तरी."

रविवारी दुपारी तो आला. कानटोपी हातात, पायांतले बूट दाराशी नीट जोडून ठेवलेले. वय पन्नाशीच्या पुढे, बोलणं सावकाश. वीस वर्षं घाबरलेल्या माणसांच्या शेजारी बसून आवाज चढवायचा नाही ही सवय लागलेली असणार. आत्या पुढे झाली तेव्हा त्यानं तिला क्षणभर पाहिलं.

"गावंडे मॅडम."

"ओळखलंत?"

"ओळखतो ना. बर्डीवर मी दिसलो की तुम्ही कुकर बघता."

मी खाली पाहिलं. आत्या लाल झाली. "एकदाच बघितले."

"तीनदा. एकदा चादरी."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, पण तो बसलाही नाही. आत्यानं जे सांगायचं ते घोकून ठेवलं होतं हे मला माहीत होतं. त्यातलं तिला काही आठवलं नाही. ती म्हणाली, "मोहोड, मला तुम्हाला एक दाखवायचं आहे. मग तुम्हाला जे बोलायचं ते बोला."

त्याला खुर्चीत बसवलं. पडद्यावर खैरवाडा पाहून तो मागे सरकला. त्यानं जॉयस्टिकला हात लावला नाही. तेव्हा आत्या त्याच्या मागे उभी राहिली आणि तिनं नोंद वाचायला सुरुवात केली. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. सपाट, स्पष्ट, प्रत्येक शब्द सुटा.

"खैरवाडा. सात तीस. वारा शांत. ढग नाहीत. जमिनीवर दृश्यता तीन हजार मीटर." ती थांबली. "शेरा. पश्चिमेला शंभर मीटर उंचीवर धुराचा थर. वरून धावपट्टी दिसेल. उतरताना दिसणार नाही."

मोहोडांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी हळूच जॉयस्टिक धरली. पहिल्या वळणात विमान बरंच खाली घसरलं, मग सावरलं. ते धावपट्टीवरून गेले. "दिसते," ते स्वतःशीच म्हणाले. पश्चिमेला गेले, वळले, खाली येऊ लागले. पंखा जोरात फिरू लागला. सोनेरी भिंत उभी राहिली.

"गेली," मोहोड म्हणाले. मग मोठ्यानं, जवळजवळ ओरडून, "गेली! बघा! गेली ना?"

"गेली," आत्या म्हणाली. "मला पण दिसत नाही."

त्यांनी विमान वर घेतलं. "आता तुरीत उतरवतो," ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले. "रस्ता पाठ आहे."

"नाही," आत्या म्हणाली. "वरच थांबा. पेट्रोल किती आहे?"

त्यांनी काटा पाहिला. "दोन तासांचं."

"त्या दिवशी?"

"त्या दिवशीही तेवढंच होतं."

"ऊन तापलं की खैरवाड्याचा धूर उठतो. साडेआठनंतर राहत नाही. हे मला ठाऊक होतं, मोहोड. मला कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. आता सांगते. वरच थांबा."

मी म्हणाले, "आत्या, मी एका क्लिकमध्ये थर काढू शकते."

दोघांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी माउसवरचा हात उचलला.

मग आम्ही खरोखर एक तास थांबलो. मोहोड तीनशे मीटरवर गोल फिरत राहिले. आत्यानं चहा केला, पोहे केले. ती त्यांच्या कोपराशी बशी ठेवायची आणि ते एका हातानं खायचे. दर दहा मिनिटांनी आत्या वेळ सांगायची आणि मी थर थोडा विरळ करायची, ती सांगेल तेवढाच. मध्ये त्यांनी मुलीचं लग्न झाल्याचं सांगितलं. आत्यानं निवृत्तीच्या समारंभात मिळालेलं घड्याळ मागे पडतं म्हणून तक्रार केली. शिकायला येणारे लोक ब्रेकऐवजी देवाचं नाव घेतात, असं मोहोड म्हणाले, आणि आत्या पदर तोंडाला लावून हसली. मी पडद्याच्या कोपऱ्यातला चित्रांचा आकडा बंद करून टाकला. तो बघायची कुणाला गरज नव्हती.

"आठ पस्तीस," आत्या म्हणाली. "थर उठला. या."

ते वळले. सूर्य आता वर गेला होता. समोर धावपट्टी होती, आणि जवळ येत गेली तशी मोठी होत गेली, जशी व्हायला हवी तशी. विमान एकदा उसळलं, टेकलं, धावलं, मंदावलं. हवामान कचेरीच्या समोर थांबलं.

आत्यानं झेरॉक्सवरच्या कोऱ्या रकान्यात पेननं वेळ लिहिली, शेजारी 'उतरलं' लिहिलं आणि सही केली. मोहोड पडद्याकडे पाहत तसेच बसले होते. त्यांचा डावा हात मात्र खुर्चीच्या बाजूला खाली गेला होता आणि तिथे नसलेला हँडब्रेक चाचपडत होता.